वीरगळावरची कट्यार आणि आजची नक्कल



बोरी बुद्रुकमध्ये येऊन हत्यारांवर बोलायचं हे थोडं धाडसाचंच आहे. ज्या गावाच्या नदीकाठी लाखो वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं सापडली, त्या गावाला बाहेरच्या माणसानं काय सांगावं? म्हणून सुरुवात तुमच्याच कुकडीपासून करतो. तिथून आपण मध्ययुगातल्या कट्यारीकडे जाऊ. शेवटी येऊ त्या नक्कल हत्यारांकडे, जी आज आपण भिंतीवर टांगतो, मिरवणुकीत धरतो आणि पोरांच्या हातात देतो.

कुकडीच्या काठावर राखाडी, पांढरट राखेचा थर आहे. लहानपणापासून तुम्ही तो पाहिला असेल. ही चुलीतली राख नाही. हजारो किलोमीटर दूर सुमात्रा बेटावर टोबा नावाचा ज्वालामुखी आहे, ही त्याची राख आहे असं अभ्यासक मानतात. त्या राखेच्या सोबतीनं इथे अश्मयुगीन हातकुऱ्हाडी आणि फरशा मिळाल्या. गंमत अशी की राखेचं वय किती, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. १९८०च्या दशकात पहिलं मोजमाप झालं तेव्हा आकडा आला सुमारे १४ लाख वर्षं. पुढच्या मोजमापात तो पावणेसात लाखांच्या आसपास आला. काही अभ्यासकांनी ती ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची ठरवली. राख तीच, थर तोच, आकडे मात्र वेगवेगळे. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. प्रत्येकानं आपण कसं मोजलं ते उघड सांगितलं, म्हणून तर हा वाद पुढे चालू शकला. एवढी गोष्ट लक्षात ठेवा. आजचं सगळं बोलणं याच्याभोवती फिरणार आहे.

आता नक्कल म्हणजे काय? दगडी हत्यारांचे अभ्यासक स्वतः दगड फोडून हातकुऱ्हाड करून बघतात. घाव कुठे घातला की कपची कशी निघते, एक कुऱ्हाड करायला किती वेळ जातो, किती दगड वाया जातात, हे पुस्तकात कळत नाही. ते हाताला कळतं. तयार झालेली कुऱ्हाड नवी आहे हे त्यांना माहीत असतं आणि ते ती नवी म्हणूनच नोंदवतात. अशी नक्कल हा एक प्रश्न असतो. तुम्ही जुन्या माणसाला विचारता, ‘बाबा, तू हे कसं केलंस?’ आणि हात चालवून उत्तर शोधता. नक्कल जेव्हा प्रश्न राहत नाही, उत्तर म्हणून मिरवू लागते, तेव्हा घोटाळा सुरू होतो.

जरा युरोपात डोकावून येऊ, कारण नक्कल हत्यारांचा छंद तिथे मोठा आहे. इंग्लंडमध्ये पाचव्या ते अकराव्या शतकात सॅक्स नावाची एकधारी सुरी होती. या शब्दाचा अर्थच मुळी सुरी. सॅक्सन लोकांचं नाव याच शब्दावरून पडलं असं मानतात. छोटी असली तर भाकरी-मांस कापायला, मोठी असली तर लढाईला. आज त्या काळाचे कपडे घालून लढाईचे खेळ करणारी मंडळी आणि संग्राहक या सुरीच्या प्रतिकृती हौसेनं घेतात.

त्यांचं एक भाग्य आहे. त्या काळातले सुरुवातीचे लोक मृतांना वस्तूंसह पुरत असत. त्यामुळे थडग्यांतून खऱ्या सुऱ्या निघतात. लांबी मोजता येते, वजन करता येतं, लोखंडाचा छेद घेऊन पाहता येतो. १८५७ साली, म्हणजे आपल्याकडे उठाव पेटला होता त्याच वर्षी, लंडनमध्ये बॅटरसी इथे थेम्स नदीतून एक लांब सॅक्स निघाली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लांबी सुमारे ७२ सेंटीमीटर, पात्यावर रून लिपीची २८ अक्षरं आणि बेअग्नोथ हे नाव. एवढी अस्सल वस्तू हाती आहे, तरी तिची मूठ काळाच्या ओघात नाहीशी झाली. म्हणजे बाजारातल्या प्रत्येक प्रतिकृतीचं पातं पुराव्यावर आहे आणि मूठ अंदाजावर.

आणखी एक मजा सांगतो. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्याच्या चिन्हावर तीन सॅक्स आहेत. पण कशा? वाकड्या पात्याच्या, पाठीला खाच असलेल्या, एखाद्या नाटकातल्या समशेरीसारख्या. थडग्यांतून निघालेल्या सुऱ्यांशी त्यांचा काही मेळ नाही. नंतरच्या चित्रकारांनी मनानं आकार दिला आणि तोच अधिकृत झाला. चित्र खऱ्या वस्तूला मागे टाकतं ते असं. हे फक्त साहेबाच्या देशात होतं असं समजू नका. त्याकडे येतोच.

आपल्याकडे काय आहे? राष्ट्रकूट, शिलाहार, यादव, म्हणजे साधारण आठव्या ते तेराव्या शतकाचा काळ घ्या. त्या काळी जवळची लढाई कोणत्या सुरीनं होत असे? आपण मृतांना अग्नी देतो. हत्यार मुलाकडे गेलं, त्याच्याकडून नातवाकडे गेलं, मोडलं की लोहाराच्या भट्टीत गेलं आणि विळा होऊन परत आलं. जमिनीत राहिलं ते आपल्या पावसानं खाल्लं. उत्खननात लोखंडाचे तुकडे मिळतात, पण धडधाकट कट्यार हातात येणं अवघडच.

यात एक विरोधाभास आहे. त्याहून कितीतरी जुनी हत्यारं आपल्याकडे आहेत. विदर्भात नागपूरच्या आसपास माहुरझरी, नायकुंड इथे शिळावर्तुळं आहेत, म्हणजे दगडांची वर्तुळं रचून केलेली दफनं. ती इसवी सनापूर्वीची. त्यांत लोखंडी खंजीर आणि कुऱ्हाडी मिळाल्या आहेत. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा खंजीर आपण पाहू शकतो, आणि नऊशे वर्षांपूर्वीच्या यादवांच्या सैनिकाचा मात्र शोधत बसावा लागतो. कारण एकच, पहिल्याला हत्यारासकट पुरलं.

मग मधल्या काळासाठी साधन कोणतं? दगड. आपले वीरगळ.

वीरगळ तुम्हाला नवे नाहीत. देवळाच्या आवारात, पारावर, वेशीपाशी हे उभे दगड असतात. खालच्या चौकटीत लढाई किंवा मरून पडलेला वीर, बऱ्याचदा सोबत गाईगुरं, कारण गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना तो पडलेला असतो. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. वर तो शिवलिंगाची पूजा करत बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ आहेत, त्यांच्यावर चक्क जहाजांची लढाई कोरलेली आहे. म्हणजे दगड बोलतो. पण तो किती बोलतो आणि कुठे गप्प बसतो, हे ओळखावं लागतं.

कट्यारीबद्दल तो काय सांगतो? एक, हत्यार अंगावर कुठे आहे. कमरेला खोचलेलं, डावीकडे की उजवीकडे, मूठ वर की तिरकी. दोन, ते कशासोबत आहे. ढाल-तलवारीसोबत दुसरं हत्यार म्हणून, की एकट्यानं. तीन, साधारण लांबी. इथे एक साधी युक्ती वापरता येते. आकृतीची मूठ हे माप धरायचं. माणसाची बंद मूठ साधारण ८ सेंटीमीटर रुंद. पातं तीन मुठींएवढं दिसलं तर ते २४ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या अंतराएवढं. पण यालाही मर्यादा आहे, कारण शिल्पकार नायकाला मोठा करतो, शत्रूला लहान करतो आणि हत्यार दिसावं म्हणून ते जाड करतो. आपल्या काळ्या कातळात बारीक, पातळ टोक कोरलं तर ते टिकणारच नाही. म्हणून ‘२४ सेंटीमीटर’ म्हणू नका, ‘२० ते ३०’ म्हणा.

दगड काय सांगत नाही? पात्याची जाडी. वजन. लोखंड मऊ होतं की पाणी दिलेलं पोलाद. मूठ लाकडी, शिंगाची की धातूची. पात्याची शेपटी मुठीत किती खोल गेली होती. म्यान कशाचं. म्हणजे लोहाराला कामाला लागायला ज्या गोष्टी हव्यात, त्यातल्या निम्म्याहून जास्त दगडावर नाहीतच. त्यात ऊन-पावसाची झीज, आणि कित्येक वीरगळांवर पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर. शेंदराखाली मूठ गेली की आपण आपल्या मनातली मूठ तिथे बसवतो.

आता मुद्द्याचं. ‘यादवकालीन कट्यार’ किंवा ‘शिलाहारकालीन कट्यार’ अशा नावानं नक्कल मागवली की बहुतेक वेळा हाती येते ती आडव्या मुठीची कट्यार. दोन समांतर पट्ट्या, मधे आडवे दांडे, मुठीत धरून पुढे भोसकायची. हा आकार आपल्या ओळखीचा आहे, कारण तो विजयनगर, मोगल, मराठा काळातल्या संग्रहांत भरपूर दिसतो. चौदाव्या शतकात इब्न बतूतानं कट्टार नावाच्या हत्याराचं वर्णन केलं आहे. नांगराच्या फाळासारखं, हात आत घालून धरायचं, आणि एका घावात माणूस संपवणारं. म्हणजे तेव्हा आडव्या मुठीचं काहीतरी होतंच. पण त्याच्या दोन-तीनशे वर्षं आधीच्या वीरगळावर कमरेला जे खोचलेलं दिसतं, ते पुष्कळदा सरळ मुठीची सुरी वाटते. नाव ‘कट्यार’ असलं म्हणून आकार एकच राहिला असं होत नाही. सुरी हा शब्द संस्कृत ‘क्षुरिका’पासून आला. तो शब्द आजही आपल्या स्वयंपाकघरात आहे, पण वस्तू तीच आहे का? एसेक्सच्या चिन्हावर जे झालं तेच इथे होतंय. नंतरच्या काळाचं चित्र मागच्या काळावर जाऊन बसतंय.

इथे नक्कल प्रश्न म्हणून कशी वापरता येते ते सांगतो. मी एका लोहारकाका-काकूंकडून दोन हत्यारं करून घेतली, दोन्ही धार न लावलेली. एक सरळ मुठीची सुरी, एक आडव्या मुठीची कट्यार. पोलाद ट्रकच्या कमानपाट्याचं, तुमचे कोयते ज्याचे होतात तेच. काका ऐरणीवर पट्टा धरत होते, काकू घण घालत होत्या. दोन्ही केळीच्या खुंटात खुपसून पाहिली. सरळ मुठीच्या सुरीला पुढे अडसर नसला की जोरानं भोसकताना हात पात्याकडे घसरतो. काका पाहताक्षणी म्हणाले, ‘अहो सर, हिला कान पायजे.’ मुठीला कान! आडव्या मुठीत तो प्रश्नच येत नाही. मनगट सरळ राहतं, सगळा जोर मुठीमागून येतो. यावरून इतिहास सिद्ध होत नाही. पण परत जाऊन वीरगळावर पाहताना नजर नेमकी मुठीच्या त्या जागी जाते, जिथे आधी कधी गेली नव्हती. नक्कलीनं एवढं केलं तरी तिचे पैसे वसूल.

दुसरीही गोष्ट कळली. शोभेच्या नकलेत पात्याला मागे बारीक सळई डागून मूठ बसवतात. वरून दिसत नाही. पण जोरात फिरवली तर पातं मुठीतून निसटून समोरच्याच्या अंगावर जातं. मर्दानी खेळ करणारी कोल्हापूरकडची जाणती मंडळी आधी मूठ तपासतात, मग चकाकी. शाळेच्या स्नेहसंमेलनात, शिवजयंतीच्या मिरवणुकीत पोरांच्या हातात जे देतो, ते आपण कधी तपासतो का? पोरांना लाकडी द्या. इतिहासाचं काही कमी होत नाही.

आता फसवणुकीबद्दल. नवं लोखंड आम्लात बुडवून, मातीत पुरून ‘जुनं’ करता येतं. पात्यावर लाटांची नक्षी उठवून त्याला दमास्कस म्हणता येतं. खरं तर आपल्या दख्खनचं नावाजलेलं पोलाद मुशीत वितळवून होत असे. तेलंगणातलं कोनासमुद्रम त्यासाठी प्रसिद्ध होतं. तिथली नक्षी पोलादाच्या पोटातून येते. दोन पट्टे घडीवर घडी घालून जोडले की जी नक्षी येते ती वेगळी. दोन्ही कसबाची कामं आहेत, पण एकाचं नाव दुसऱ्याला देणं खोटं. आणि हे आजचंच आहे असं नाही. मराठा काळात युरोपीय पात्यांना मान होता, फिरंग हे नावच त्यावरून पडलं. तेव्हा इथले कारागीर आपल्या पात्यांवर युरोपीय शिक्क्यांची नक्कल उठवत.

जुनी हत्यारं कमी का उरली याचं एक कारण गंज, दुसरं कारण सत्ता. १८५७ नंतर इंग्रजांनी लोकांची हत्यारं काढून घेतली, १८७८ साली शस्त्र कायदा आणला. तंजावरच्या भोसल्यांचं शस्त्रागार १८५५ नंतर मोडीत निघालं. कितीतरी हत्यारं तोडली गेली, काही मद्रासच्या संग्रहालयात पोचली. म्हणून अस्सल वस्तूची आपल्याला भूक आहे. ती भूक मी समजू शकतो. जुलै २०२४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं साताऱ्यात आली, तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. ती ग्रँट डफकडे साताऱ्यात असताना आली अशी नोंद आहे. पण १० नोव्हेंबर १६५९ला प्रतापगडाखाली वापरली गेली ती हीच, याची खात्री करता येत नाही, असं खुद्द त्या संग्रहालयानं म्हटलेलं आहे. हे सांगितल्यानं महाराज लहान होत नाहीत. आपला इतिहास कुठल्याही एका वस्तूच्या टेकूवर उभा नाही. मग शंका लपवायची कशाला?

म्हणून नक्कल करणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना माझं एकच मागणं आहे. प्रत्येक नकलेसोबत एक चिठ्ठी असू द्या. तीन ओळी पुरतात. पुराव्यावरून काय घेतलं, कोणत्या गावच्या कोणत्या दगडावरून. अंदाजानं काय घेतलं. आणि आजच्या सोयीसाठी काय बदललं, म्हणजे पोलाद कोणतं, धार आहे की नाही. शिवाय पात्याच्या शेपटीवर कारागिराचं चिन्ह आणि वर्ष ठोका. पन्नास वर्षांनी ती वस्तू कुणाच्या हाती पडली तर तिला कुणी ‘जुनी’ म्हणून विकू शकणार नाही. आणि लोहाराचं नावही राहील, जे हजार वर्षांत आपण कधी लिहून ठेवलं नाही.

कायद्याचंही थोडं. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या तलवारी, कट्यारी, सुरे यांचा वेगळा वर्ग आहे. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. बनवून विकणाऱ्यालाही नियम आहेत. तेव्हा मागवण्याआधी पोलीस ठाण्यात चौकशी करा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते. ती परदेशी पाठवता येत नाही.

नकलेचा आणि खेळाचा नाद आपल्याला पूर्वीपासूनच आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजानं, तिसऱ्या सोमेश्वरानं ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये शस्त्रांचे खेळ आणि कुस्त्या आहेत. दिवाळीत आपली पोरं मातीचा किल्ला करतात, त्यावर मावळे मांडतात, हळीव पेरून जंगल उगवतात. तो शिवनेरी आहे असं कुणी म्हणत नाही, पण तो करताना पोराला कळतं की पाणी कुठे साठवायचं आणि बुरूज कुठे हवा. नक्कल अशी असावी.

शेवटी एक सांगून थांबतो. वीरगळावरची कट्यार ज्याच्या कमरेला आहे, तो माणूस मेला आहे. तो जिंकला असता तर हा दगड उभाच राहिला नसता. कुणाची तरी गुरं सोडवायला गेला आणि परत आला नाही. शेजारी सतीशिळा असेल तर, बांगड्या भरलेला तो उभा हात पाहा, घरात त्या दिवशी आणखी काय झालं ते कळेल. आपण त्याच्या कमरेची कट्यार उचलतो, नवी करून चमकवतो, विजयाची खूण म्हणून मिरवतो, आणि तो दगड मात्र कपडे धुवायला नाहीतर गोठ्याच्या पायरीला जातो. मला हे खटकतं. कट्यारीची नक्कल घरी आणायची तर आधी ज्या दगडावरून ती घेतली तो दगड उभा करा.

त्याला पैसे लागत नाहीत. सूर्य उतरणीला लागला की उन्हं तिरपी पडतात, तेव्हा वीरगळापाशी जा. दुपारी जे दिसत नाही ते कोरीवकाम तिरप्या उजेडात उठून दिसतं. मोबाईलवर फोटो काढा, मूठ आणि पातं बोटांनी मापा, दगड कुठे आहे ते लिहून ठेवा. शेंदूर खरवडू नका, तो कुणाची तरी श्रद्धा आहे. खडूनं रेषा ओढू नका. कुकडीच्या उगमाशी पूरला कुकडेश्वराचं शिलाहारकालीन देऊळ आहे. तिथून खाली बोरीपर्यंत नदीकाठानं एवढं काम शाळेच्या पोरांनी केलं, तर कुठल्याही लोहाराला लागणारा आधार तयार होईल.

(व्याख्यानानंतर एका आजोबांनी विचारलं: ‘घरात पणजोबांची कट्यार आहे, गंज चढलाय. चिंचेनं घासू का?’)

नका घासू, आजोबा. चिंच, लिंबू, पॉलिश पेपर काही नको. गंजाबरोबर धारेच्या खुणा, शिक्का, नक्षी सगळं जाईल. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या, चामड्याच्या म्यानातून काढून वेगळी ठेवा, कारण चामडं ओल धरतं. मग ती कुणाकडून आली, कोण कुठे होतं, जेवढं आठवतं तेवढं नातवाकडून कागदावर लिहून घ्या. जाणत्या संग्रहालयाला दाखवा. कट्यार शंभर वर्षांनंतरही मापता येईल, पण तुम्हाला जे आठवतं ते आजच लिहून ठेवावं लागेल.